रीफ टँकमध्ये काहीतरी बिघडलं तर आधी वही काढा, बाटली नंतर

सांगलीत बसून खाऱ्या पाण्याचा रीफ टँक (कोरल म्हणजे प्रवाळ आणि समुद्री मासे ठेवायचा काचेचा टँक) सांभाळायचा म्हणजे समुद्राची सगळी कामं आपणच करायची, मीठ पण आपलं, लाट पण आपली आणि मे महिन्यातला थंडावा पण आपणच पुरवायचा, त्यामुळं कधी ना कधी काहीतरी बिघडतंच. कोरल मिटून बसतं, कोळंबी आडवी पडते, क्लाउनफिश वर येऊन धापा टाकतो. मग बहुतेक जण दुकानात फोन लावतात आणि ते सांगतील ती बाटली आणून ओततात. माझं म्हणणं एवढंच आहे की चूक नक्की कुठली झाली ते हुडकल्याशिवाय काहीही ओतू नका, नाहीतर तीच चूक दोन महिन्यांनी परत होते आणि परत जीव जातात. ते कसं हुडकायचं ते सांगतो.

पहिलं काम, जे जिवंत आहेत त्यांना वाचवा

मेलेला जीव लगेच बाहेर काढा, रॉकच्या मागं अडकला असला तरी काढा, कुजायला लागला की अमोनिया वाढतो आणि मग बाकीचे पण जातात. एअर स्टोन सोडा, पंपाचं तोंड पाण्याच्या वरच्या थराकडं वळवा, कार्बनची (घाण शोषून घेणाऱ्या कोळशाची) पिशवी सम्पमध्ये, म्हणजे टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत, टाका. त्यानंतर २०-२५ टक्के पाणी बदला, पण ते आदल्या दिवशी कालवून हवा सोडून ठेवलेलं, त्याच तापमानाचं आणि त्याच खारटपणाचं पाहिजे. म्हणून एक फूड ग्रेड ड्रम कायम भरून ठेवत जा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाणी बदलायच्या आधी जुन्या पाण्याची एक बाटली भरून झाकण लावून बाजूला ठेवा. घाबरून आधी पाणी बदलतात आणि मग टेस्ट करतात, आणि मग काय बिघडलं होतं ते कधीच कळत नाही.

मेलेले झोआ (रॉकवर वाढणारे बटणासारखे मऊ कोरल) खरवडायचे असतील तर हातात ग्लोव्हज आणि डोळ्यांना चष्मा पाहिजेच. तो रॉक उकळत्या पाण्यात तर कधीच टाकू नका. काही झोआ आणि त्यांचे जातभाई पॅली यांच्यात पॅलिटॉक्सिन नावाचं जबर विष असतं, त्याची वाफ घरातल्या माणसांना दवाखान्यात नेऊ शकते.

काय मेलं आणि कशाच्या आधी मेलं ते बघा

टेस्ट किट उघडायच्या आधी हे बघा, निम्मा शोध इथंच लागतो. सगळे मासे एकदम वर येऊन धापा टाकतायत तर ऑक्सिजन किंवा अमोनिया. मासे ठणठणीत पण कोळंबी, गोगलगायी गेल्या तर तांबं, कीटकनाशक नाहीतर खारटपणात झालेला मोठा फरक. कडक कोरलची टोकं पांढरी पडली तर अल्कलिनिटी (पाण्याची पीएच टिकवून धरायची ताकद) वरखाली झाली का ते बघा. अख्खं कोरल जिवंत असून पांढरंफटक झालं तर उष्णता किंवा अचानक वाढवलेला लाईट, कारण तेव्हा कोरल आपल्या अंगातलं शेवाळ बाहेर टाकतं. १९९८ आणि २०१६ मध्ये समुद्र तापला तेव्हा लक्षद्वीपच्या कोरलचं हेच झालं होतं.

विश्रामबागेत एका मित्राच्या टँकमधल्या सगळ्या कोळंब्या एका रात्रीत गेल्या. टेस्ट सगळ्या बरोबर, मासे निवांत पोहतायत. त्याच्या टँकच्या रोजच्या नोंदींच्या वहीत आदल्या संध्याकाळची एकच ओळ होती, 'हॉलमध्ये झुरळाचा स्प्रे मारला.' एअर पंप तिथंच खाली ठेवलेला, म्हणजे खोलीतली तीच हवा टँकमध्ये जात होती, आणि असल्या स्प्रेमधली औषधं कोळंबी-खेकड्यांना माशांच्या आधी लागतात. पाण्याच्या कुठल्याच टेस्टमध्ये हे दिसलं नसतं.

म्हणून वहीत नुसते आकडे लिहू नका. तापमान, खारटपणा आणि अल्कलिनिटी तर लिहाच, पण लाईट किती वेळ गेली होती, दिवाळीचं रंगकाम, पेस्ट कंट्रोल, नवीन फूड, पाहुण्यांच्या पोरांनी काय टाकलं, सगळं लिहा. चूक आज दिसते पण झालेली असते दहा-पंधरा दिवस आधी, आणि एवढं मागचं डोक्यात राहत नाही.

मग मोजा, पण आधी मोजायचं यंत्र तपासा

तापमान २४ ते २७, खारटपणा ३५ पीपीटी (लिटरमागं साधारण ३५ ग्रॅम मीठ), अमोनिया शून्य, अल्कलिनिटी ८ ते १० डीकेएच (अल्कलिनिटीचं माप), कॅल्शियम लिटरमागं ४०० ते ४५० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम १२५० ते १३५०, याच क्रमानं बघा. रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं यंत्र) नुसत्या साध्या पाण्यावर शून्य लावला तरी ३५ ला चुकू शकतो, म्हणून ३५ पीपीटीचं तयार द्रावण मिळतं त्याचा थेंब काचेवर टाकून स्क्रू फिरवायचा. हे न करता वर्षभर चुकीच्या पाण्यात कोरल ठेवणारे लोक आहेत.

आपल्याकडं सगळ्यात जास्त होणारी चूक, टॉपअप (उडालेल्या पाण्याची भरपाई)

ही नीट समजून घ्या. टँकमधनं पाणी उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागंच राहतं. वाळवा-मिरज भागात उसाला वारेमाप पाणी देऊन जमिनी क्षारपड झाल्या, पाणी उडून गेलं आणि क्षार वर साचले, टँकमध्ये तेच होतं फक्त काही दिवसांत होतं. धरा २०० लिटरचा टँक, मे महिना, वर फॅन, रोज ४ लिटर पाणी उडतंय. पातळी खाली गेली म्हणून कोणी खारं पाणीच ओतत राहिला तर आठवड्यात २८ लिटर खारं पाणी म्हणजे जवळपास एक किलो मीठ जास्तीचं पडलं, ३५ चं सरळ ४० झालं.

म्हणून टॉपअप गोड्या पाण्यानंच, आणि ते पण आरओ-डीआयचं (फिल्टरनं क्षार काढलेलं), टीडीएस (लिटरमागं विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) शून्य. बोअरचं पाणी ४०० टीडीएसचं असेल तर रोजच्या ४ लिटरनं महिन्यात ४८ ग्रॅम नको ते क्षार आत जातात, त्यात शेतातल्या खताचं नायट्रेट पण असू शकतं, आणि मग हिरवं शेवाळ का येतंय म्हणून लोक लाईट बदलत बसतात. शक्य असेल तर ऑटो टॉपअप लावा, नाहीतर काचेवर मार्करनं रेघ मारा आणि रोज सकाळी रेघेपर्यंत भरा.

४० झालंच असेल तर एका दिवसात ३५ करायला जाऊ नका, अंदाजे दिवसाला एक पीपीटी. त्या २०० लिटरच्या टँकमधनं ५ लिटर पाणी काढून ५ लिटर आरओ-डीआय टाकलं की ४० चं ३९ होतं. मग उद्या परत मोजायचं.

उन्हाळा आणि गेलेली लाईट

फॅन पाणी उडवूनच थंड करतो, म्हणजे फॅन लावला की टॉपअप वाढणारच. पाऊस सुरू झाला की दमट हवेत फॅन तेवढा चालत नाही, त्या दिवसांत थर्मामीटरवर नजर ठेवा. सांगलीचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा कडक कोरल ठेवणाऱ्यानं चिलरचा (पाणी थंड करायच्या यंत्राचा) विचार करावाच. दुपारी लाईट गेली तर इन्व्हर्टरवर फक्त एक लाटेचा पंप ठेवा, टँकचा लाईट नको, आणि गोठवलेल्या पाण्याच्या घट्ट झाकणाच्या बाटल्या सम्पमध्ये तरंगत सोडा. बर्फ थेट टाकू नका. बॅटरीचा एअर पंप घरात असलाच पाहिजे.

एका वेळी एकच बदल

कारण सापडलं असं वाटलं की एकच गोष्ट बदला आणि आठ-दहा दिवस थांबा. सॉल्ट बदललं, लाईट कमी केला, नवीन औषध टाकलं, सगळं एका रविवारी केलं तर सुधारलं तरी कशानं सुधारलं ते कळणार नाही. अल्कलिनिटी दिवसाला १ डीकेएचच्या वर हलवू नका. माशांवर पांढरे ठिपके असतील तर तांब्याचं औषध वेगळ्या टँकमध्येच द्या, मेन टँकमध्ये टाकलं तर कोरल, कोळंबी सगळं जाईल. मेन टँक तेवढा काळ, साधारण अडीच महिने, माशांशिवाय ठेवावा लागतो.

गेलेल्याच्या जागी नवीन आणताना

दोन-तीन आठवडे सगळे आकडे जागेवर राहिले तरच आणा, आणि एकच आणा. मालवण-रत्नागिरीला फिरायला गेल्यावर किनाऱ्यावरचं कोरल, मेलेलं असलं तरी, उचलून आणू नका, दगडी कोरल वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि वाघाला जे संरक्षण तेच त्यांना. विकत घेताना पण आयातीचे कागद मागा.

मुंबई-पुण्याहून रात्रभर ट्रॅव्हल्सनं आलेली माशांची पिशवी उघडून तासभर थेंब-थेंब पाणी सोडत बसू नका. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साईडमुळं पीएच खाली असतो म्हणून साचलेला अमोनिया फारसा बाधत नाही, पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. पिशवीतल्या पाण्याचा खारटपणा किती ते विकणाऱ्याला आधीच विचारा, नवीन माशासाठीच्या वेगळ्या टँकचं पाणी तेवढंच खारट करून ठेवा, बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवा, मग उघडून मासा लगेच उचलून आत सोडा. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतायचं नाही, बेसिनमध्ये.