लहान मुलांना घेऊन सामायिक फिरण्याच्या मार्गावर जाताना या चुका टाळा

शहरातून जाणारा, डांबराचा किंवा काँक्रीटचा, चालणारे, धावणारे आणि सायकल चालवणारे अशा सर्वांसाठी मिळून बांधलेला मार्ग लहान मुलांना घेऊन फिरण्यासाठी फार चांगला असतो. तिथे मोटारी नसतात, बाबागाडी खड्ड्यांत अडकत नाही आणि मुलांना भरपूर मोकळी जागा मिळते. मात्र मोटारी नाहीत म्हणजे वाहतूकच नाही, असे समजून आपण निर्धास्त होतो आणि बहुतेक चुकांचे मूळ या समजुतीतच असते. ताशी 18 किलोमीटर वेगाने येणारी सायकल एका सेकंदात 5 मीटर अंतर कापते, आणि सायकलचा आवाज जवळजवळ होतच नसल्यामुळे ती अगदी जवळ आल्याशिवाय मुलाला कळत नाही.

मूल आपल्यासारखे सरळ चालेल, असे गृहीत धरू नये. माझी मुलगी तीन वर्षांची असताना अशाच एका मार्गावर मुंग्यांची रांग पाहत मधोमध उकिडवी बसली होती. मागून सायकलची घंटी वाजली तेव्हा ती उठली आणि आवाजाच्या दिशेने वळून दोन पावले थेट सायकलसमोर गेली. सायकलस्वाराने वेळीच ब्रेक लावला म्हणून काही झाले नाही, पण त्या दिवशी माझ्या लक्षात आले की घंटी ऐकून बाजूला होणे ही मोठ्यांची सवय आहे. लहान मूल आवाज आला की तिकडे वळते आणि जिकडे पाहते तिकडेच पाऊल टाकते.

यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे मुलाला नेहमी कडेच्या बाजूला ठेवून आपण मार्गाच्या मध्याकडील बाजूने चालावे. फलकावर वेगळी सूचना नसेल, तर रस्त्यावर वाहने ज्या बाजूने चालतात तीच बाजू इथेही धरावी. दुसरा उपाय म्हणजे एकच शब्द ठरवून घ्यावा. घाईच्या क्षणी आपण "अगं बघ!", "सांभाळ!", "मागून सायकल आली!" असे काहीही ओरडतो आणि यातल्या प्रत्येक वाक्याने मूल जागीच थांबते किंवा मागे वळते. त्याऐवजी फक्त "कडेला!" म्हणावे, आणि ते ऐकताच गवताच्या काठावर उडी मारायची, असा खेळ वर्दळ नसताना दहा-बारा वेळा खेळून घ्यावा. मुलांना हा खेळ मनापासून आवडतो.

बुटाची नाडी बांधणे, पाणी पाजणे, छायाचित्र काढणे ही कामे मार्गावर उभे राहून करू नयेत. त्यासाठी पूर्णपणे बाजूला उतरावे.

अंतराचा अंदाज चुकणे ही चूक धोक्याची नसली, तरी सहलीचा आनंद तीच सर्वाधिक घालवते. जाताना मूल उत्साहात असते, म्हणून आपण पुढे जात राहतो, आणि ते दमल्याचे लक्षात येते तेव्हा तेवढेच अंतर परत चालायचे बाकी असते. मूल एकूण जितके चालू शकते, त्याच्या एक-तृतीयांशावरच परत फिरावे, म्हणजे रेंगाळण्यासाठी आणि दगड गोळा करण्यासाठी शक्ती शिल्लक राहते. सायकल असेल आणि वारा जोराचा असेल, तर जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जावे, म्हणजे परतीचा प्रवास सोपा होतो.

साधनांच्या बाबतीतील चुका घरातून निघण्यापूर्वीच टाळता येतात. एक वर्षाच्या आतील बाळाला सायकलवरील आसनात बसवू नये. मोठे मूल आसनात असताना सायकल स्टँडवर लावून क्षणभरही सोडू नये, कारण वजन उंचावर असल्यामुळे ती सहज कलंडते. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटांपेक्षा जास्त सरकलेले नसावे, आणि झोपाळा किंवा घसरगुंडी दिसताच ते आधी काढावे, कारण फटीत हेल्मेट अडकून त्याच्या पट्ट्याने गळा आवळला जाऊ शकतो. ही गोष्ट बऱ्याच काळजीवाहू पालकांनाही ठाऊक नसते. बाबागाडीच्या मुठीला जड पिशव्या लटकवल्या, तर मुलाला उचलताच ती मागे उलटते. उतारावर थांबताना ब्रेक लावून गाडी उताराला आडवी उभी करावी. उन्हापासून वाचवण्यासाठी बाबागाडी कापडाने पूर्ण झाकू नये, कारण आत हवा खेळत नाही आणि बाळ उकाड्याने हैराण होते. डांबरही उन्हात हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. तळहाताची मागची बाजू काही सेकंद डांबरावर टेकवून पाहावी, आणि ती ठेववत नसेल तर रांगणाऱ्या किंवा अनवाणी मुलाला खाली सोडू नये.

सर्वाधिक सावध राहण्याची जागा म्हणजे हा मार्ग जिथे मोटारींच्या रस्त्याला छेदतो ती. अर्धा तास निर्धोक धावलेले मूल तिथेही त्याच वेगाने पुढे जाते आणि आपणही गप्पांच्या ओघात असतो. म्हणून छेदरस्ता दिसण्याच्या बरेच आधी मुलाला जवळ बोलवावे, त्याला सायकलवरून उतरवावे, हात धरावा आणि दोन्हीकडे पाहूनच पलीकडे जावे. रस्ता मोकळा असला तरी हे प्रत्येक वेळी करावे, कारण "आज गाडी नाही, चल पटकन" असे आपण एकदा म्हटले की पुढच्या वेळी मूल आपली वाट न पाहता स्वतःच तसे ठरवते.