पाय टेकू नका! प्रवाळ पाहायला निघालेल्या खान्देशकरांनो, या चुका टाळा

आपण तापीकाठची माणसं. पोहायला शिकलो ते विहिरीत, नाहीतर नदीत. नदीत घाबरलं की आधी तळ शोधायचा आणि पाय टेकायचे. प्रवाळावर नेमकी हीच खोड नडते. खाली दगड वाटतो तो दगड नसतो, जिवंत जिवांची वसाहत असते. ढेपेसारखं गोलसर प्रवाळ वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतं, आणि आपली टाच ते क्षणात मोडते. वर त्याच्या धारेनं कापलं की जखम चिघळते ती वेगळीच. दम लागला तर सरळ उताणे व्हा. लाइफ जॅकेट तरंगवतं, पण पट्टे आवळलेले असतील तरच. ढिलं जॅकेट कानापर्यंत वर सरकतं, मग माणूस हमखास पाय खाली सोडतो.

मुहूर्तही आपला चुकतो. जळगावात पारा 45 वर गेला की समुद्र आठवतो. पण आपण प्रवाळ पाहायला जातो त्या मालवणचा समुद्र मेच्या शेवटी खवळायला लागतो आणि पावसाळ्यात पाण्यातले खेळ बंदच असतात. तापीचा पूर कसा गढूळ असतो ते आपल्याला सांगायला नको. तिकडच्या खाड्याही तसाच गाळ समुद्रात ओततात. नितळ पाणी हवं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी गाठा.

आता मास्क, म्हणजे डोळे-नाक झाकणारा पाण्यातला चष्मा. आमच्या नानांची मिशी गावात प्रसिद्ध. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाण्यात उतरले आणि दोन मिनिटांत वर येऊन ओरडले, “भो, डोळ्यात मीठच मीठ!” नावाड्यानं पट्टा आवळला, तर पाणी आणखी शिरायला लागलं. जास्त आवळला की रबराची कड दुमडते आणि तिथूनच गळतं. शेवटी मिशीवर व्हॅसलीन चोपडलं, कपाळावरचे केस कडेखालून काढले आणि पट्टा एक खाच सैल केला. मग नाना अर्धा तास वर यायला तयार नाहीत. काच धुरकट होत असेल तर आत थुंकून बोट फिरवा, हलकं खळबळा. किळस वाटू देऊ नका, जुने पाणबुडेही हेच करतात.

स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाणं, करताना अंगठा वर करू नका. पाण्याखाली त्याचा अर्थ ‘मस्त’ नव्हे, ‘वर चला’ असा होतो. खुशीत अंगठा दाखवणाऱ्याला प्रशिक्षक इमानदारीनं वर नेऊन सोडतो. ठीक आहे हे सांगायला अंगठा आणि तर्जनीचं गोल कडं करा. कान दुखायची वाट बघू नका, उतरतानाच नाक चिमटीत धरून हलकेच फुंकत राहा.

फोटो निळे आले म्हणून मोबाइलला शिव्या नकोत. पाणी तांबडा रंग सगळ्यात आधी शोषून घेतं. सराफ्यातलं लालभडक पोवळं मनात धरून गेलात तर हिरमोड ठरलेला.

शेवभाजी हाणून बोटीत बसू नका. बोट लागत असेल तर गोळी अर्धा-एक तास आधी घ्या.

किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडासुद्धा शोकेससाठी उचलू नका. प्रवाळ 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीत. अंदमानच्या जॉली बॉय बेटावर तर प्लास्टिकची पाण्याची बाटलीही नेता येत नाही.

आणि परतीचा हिशेब. स्कूबाच्या एका डाइव्हनंतर (बुडीनंतर) किमान 12 तास, एकाहून जास्त केल्या असतील तर 18 तास विमानात बसायचं नाही. पाण्याखाली अंगात मुरलेल्या नायट्रोजनचे उंचीवर बुडबुडे होऊ शकतात. मालवणला आपली गाडी घेऊन जाणारे म्हणतात, आम्हाला काय त्याचं? पण घाट चढणं म्हणजेही उंचीवर जाणंच, आणि आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे 700 मीटरवर आहे. सकाळी डाइव्ह आणि दुपारी घाट असा बेत असेल, तर मालवणात एक मुक्काम वाढवा.