नेटवर्कवरून ओपनबीएसडी आपोआप बसवताय? या चुका टाळा

महापे, रबाळे, वागळे इस्टेट, कुठल्याही छोट्या कंपनीत जा, सिस्टीमवाल्याच्या ड्रॉवरमध्ये पेन ड्राइव्हचा गठ्ठा असतोच आणि पंधरा-वीस मशीनवर तेच ते नाव टाका, पासवर्ड टाका, एंटर मारा करत त्याचा अख्खा शनिवार जातो. युनिक्सवाल्यांनी हे दुखणं कधीच मिटवलंय खरं तर. सोलॅरिसला जंपस्टार्ट होतं, एआयएक्सला निम आहे, ओपनबीएसडी या फुकट मिळणाऱ्या युनिक्स घराण्यातल्या सिस्टीमला ५.५ व्हर्जनपासून, म्हणजे २०१४ पासून ऑटोइन्स्टॉल आहे, म्हणजे प्रश्नांची उत्तरं आधीच फाइलमध्ये लिहून ठेवायची आणि मशीन आपोआप बसतं. मी इथे ओपनबीएसडी धरूनच बोलतोय, आमच्याकडे फायरवॉल आणि गेटवेच्या डब्यांवर तेच बसवतो म्हणून, पण यातल्या निम्म्या चुका फ्रीबीएसडी आणि लिनक्सलाही जशाच्या तशा लागू होतात.

आधी क्रम नीट समजून घ्या. मशीन चालू झालं की नेटवर्क कार्डातला पीएक्सई (नेटवर्कवरून बूट करणारा छोटा प्रोग्राम) डीएचसीपीकडे, म्हणजे आयपी वाटणाऱ्या सर्व्हरकडे, आयपी मागतो, मिळाला की टीएफटीपी या साध्या फाइल-पाठवणीवरून बूटलोडर उचलतो, बूटलोडर बीएसडी डॉट आरडी हा इन्स्टॉलवाला कर्नल आणतो, तो कर्नल उठला की स्वतः परत एकदा आयपी मागतो, आणि मग कुठे एचटीटीपीवरून उत्तरांची फाइल (इन्स्टॉल डॉट कॉन्फ) आणि सेट, म्हणजे सिस्टीमच्या फाइलींचे गठ्ठे, येतात. अडकलं की लोक पहिलं काय करतात तर इन्स्टॉल डॉट कॉन्फ उघडून त्यात खुडबुड करत बसतात. अरे पण मशीनला अजून आयपीच मिळाला नाहीये, ती फाइल वाचली कोणी!

स्क्रीनवरचा कोड वाचा, तो फुकट माहिती देतो. पीएक्सई-ई६१ आला तर केबल बघा. ई५१ म्हणजे डीएचसीपीकडून काहीच उत्तर नाही. ई५३ म्हणजे उत्तर आलं पण त्यात बूट फाइलचं नाव नाही. ई३२ म्हणजे टीएफटीपी टाइमआउट, आणि टी०१ म्हणजे टीएफटीपीपर्यंत पोचला पण त्या नावाची फाइलच नाही तिथे.

ऑफिसच्याच लॅनवर सगळं करणं

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक हीच. ऑफिसचा राउटर आधीच डीएचसीपी देत असतो, तुम्ही दुसरा सर्व्हर उभा करता, आणि मग ज्याचं उत्तर आधी पोचेल त्याचं खरं. एक मशीन होतं, शेजारचं होत नाही, परत केलं की उलटं. ई५३ कधी येतो कधी नाही, असं दिसलं की नव्वद टक्के दुसरा डीएचसीपी आहे समजा.

यावर बरेच जण सांगतात की डीएनएसमास्क हा छोटा डीएचसीपी सर्व्हर घ्या आणि प्रॉक्सी डीएचसीपी लावा, म्हणजे आयपी राउटर देईल आणि बूट फाइल तुमचा सर्व्हर सांगेल. पीएक्सईपुरतं ते मस्त चालतं. पण वर म्हटलं ना, कर्नल परत आयपी मागतो, आणि ओपनबीएसडीचा इन्स्टॉलर त्या दुसऱ्या लीजमधून (डीएचसीपीच्या उत्तरातून) नेक्स्ट-सर्व्हर, म्हणजे कुठल्या सर्व्हरकडे जायचं ते, आणि फाइलनेम वाचतो, प्रॉक्सीचं उत्तर तो विचारातच घेत नाही. लीज दिलेली असते राउटरने, त्यात यातलं काही नाही. म्हणून मशीन छान बूट होतं आणि मग इन्स्टॉल, अपग्रेड, ऑटोइन्स्टॉल की शेल असं विचारत ढिम्म उभं राहतं. लोक दिवसभर उत्तरांच्या फाइलमध्ये चूक शोधतात आणि तिथे चूक नसतेच.

माझं मत विचाराल तर इन्स्टॉलचं नेटवर्क वेगळंच ठेवा. एक साधा आठ पोर्टचा स्विच, एक जुना पीसी ज्यावर ओपनबीएसडी आहे, झालं. डीएचसीपीडी, टीएफटीपीडी, एचटीटीपीडी तिन्ही बेस सिस्टीममध्येच येतात, एकही पॅकेज टाकावं लागत नाही. व्हीलॅन करूनही, म्हणजे एकाच स्विचवर वेगळे भाग पाडूनही जमतं, पण मग सर्व्हर दुसऱ्या व्हीलॅनमध्ये असेल तर डीएचसीपीचा ब्रॉडकास्ट पलीकडे जात नाही, तो पलीकडे पोचवणारा रिले लावायला लागतो, आणि मधे फायरवॉल असेल तर टीएफटीपी रुसतं. कारण विनंती ६९ पोर्टवर जाते पण उत्तर दुसऱ्याच पोर्टवरून येतं. फक्त ६९ उघडून ठेवलेला फायरवॉल ते उत्तर गिळून टाकतो आणि तुमच्या स्क्रीनवर ई३२.

साध्या स्विचचा अजून एक फायदा. मॅनेज्ड स्विचवर स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमध्ये फेरा होऊ न देणारी सोय) चालू असेल तर लिंक वर आल्यावर पोर्ट साधारण ३० सेकंद काही पुढे सोडत नाही, १५ ऐकण्यात आणि १५ शिकण्यात. तोवर कार्डातला पीएक्सई कंटाळून ई५१ दाखवतो. आणि कर्नल उठताना लिंक परत खाली-वर झाली की परत तेच ३० सेकंद. मॅनेज्ड स्विचच वापरायचा असेल तर त्या पोर्टांवर पोर्टफास्ट लावा, म्हणजे ही थांबाथांब टळते, पण फक्त मशीनच्या पोर्टांवर, दुसऱ्या स्विचकडे जाणाऱ्या पोर्टावर नको.

फाइलचं नाव

ओपनबीएसडीत डीएचसीपीने दिलेल्या फाइलचं नाव नुसतं नाव नसतं, तोच हुकूम असतो. नाव पीएक्सईबूट (ओपनबीएसडीचा नेटवर्क बूटलोडर) दिलंत तर बूट होईल, पण आपोआप काही होणार नाही. नाव ऑटो अंडरस्कोर इन्स्टॉल असंच पाहिजे, म्हणून टीएफटीपीच्या फोल्डरमध्ये पीएक्सईबूटला त्या नावाची सिमलिंक (शॉर्टकटसारखं दुसरं नाव) करतात. नवीन मशीन यूईएफआयवाली (जुन्या बायॉसच्या जागी आलेलं फर्मवेअर असलेली) असली की पीएक्सईबूट तिथे चालत नाही, बूट-एक्स६४ डॉट ईएफआय लागते, मग तिच्यासाठी वेगळ्या फोल्डरमध्ये त्याच नावाची सिमलिंक करा, पाथमधला शेवटचा तुकडा बरोबर असला की इन्स्टॉलरला चालतं. लॅमिंग्टन रोडवरून आणलेले जुने डबे आणि नवे लॅपटॉप एकाच लॉटमध्ये असतील तर डीएचसीपीत मॅक ॲड्रेसनुसार (नेटवर्क कार्डाच्या ठरलेल्या नंबरानुसार) फाइल द्या. आणि सिक्युअर बूट बंद करा, ओपनबीएसडी त्यात उठत नाही.

बूट ऑर्डरमध्ये नेटवर्क पहिलं

ही चूक महागात पडते. इन्स्टॉल झालं की मशीन रिबूट होतं. बूट ऑर्डरमध्ये नेटवर्क वर असेल तर ते परत पीएक्सईवर जातं, परत तोच ऑटोइन्स्टॉल मिळतो, परत डिस्क पुसली जाते. तुम्ही चहा पिऊन येता, स्क्रीनवर इन्स्टॉल चालू दिसतं, वाटतं हळू आहे जरा. हळू नाही, ती तिसरी फेरी आहे.

याहून वाईट म्हणजे तेच ऑफिसच्या लॅनवर असेल तर. ऑटोइन्स्टॉल ‘डिस्क पुसू का’ असं माणसाला विचारत नाही, न विचारणं हाच त्याचा धंदा आहे. मार्च एंडला अकाउंट्सचा पीसी कोणी चालू केला, त्याच्या बायॉसमध्ये नेटवर्क पहिलं असलं, तर टॅलीचा डेटा गेला आणि जागेवर लॉगिन प्रॉम्प्ट. म्हणून डिस्क पहिली ठेवा. कोऱ्या डिस्कवर काही सापडलं नाही की मशीन आपणच नेटवर्कवर येतं, आणि विंडोज असलेल्या मशीनला तेवढ्यापुरतं एफ१२ दाबून नेटवर्क निवडा. डीएचसीपीत फक्त माहीत असलेल्या मॅकनाच उत्तर द्यायचं हेही करून ठेवा, दहा मिनिटांचं काम आहे.

उत्तरांची फाइल

इन्स्टॉलर आधी मशीनच्या मॅक ॲड्रेसची आणि होस्टनेमची फाइल शोधतो, काहीच नाही मिळालं की साधी इन्स्टॉल डॉट कॉन्फ घेतो. सगळी मशीन एकाच नावाने उभी राहिली तर समजा की मॅकवाली फाइल सापडलेलीच नाही. मॅक लिहिताना अक्षरं स्मॉल आणि मधे कोलन. विंडोजवर बसून ही फाइल बनवायला जाल तर कोलन नावात चालतच नाही, सर्व्हरवरच बनवा. तसंही नोटपॅडपासून लांब रहा, ओळीच्या शेवटी जो जादाचा अदृश्य कॅरेक्टर येतो तो उत्तराचाच भाग धरला जातो. फ्रीबीएसडीच्या इन्स्टॉलरकॉन्फिगमध्ये (तिथली अशीच फाइल) तर स्क्रिप्टची पहिली ओळच त्याने बिघडते. कुठली फाइल मागितली गेली हे बघायला एचटीटीपीडीचा ॲक्सेस लॉग उघडा, ४०४ दिसला की त्याच्यासमोर मागितलेलं नाव असतं, तेच फाइलला द्या.

रूटचा, म्हणजे मुख्य युजरचा, पासवर्ड साधा लिहू नका, ही फाइल एचटीटीपीवर उघडी पडलेली असते, त्या लॅनवरचा कोणीही वाचेल. एन्क्रिप्ट कमांडने हॅश (पासवर्डचं उलटं वाचता न येणारं रूप) काढून तो टाका, किंवा सरळ १३ फुल्या टाका, म्हणजे पासवर्डने लॉगिन बंदच, आणि युजरची एसएसएच पब्लिक की द्या. टाइमझोन एशिया/कोलकाता लिहा, एशिया/मुंबई असं काही नसतं.

डिस्कचं नाव सगळीकडे सारखं असेल असं धरू नका. ओपनबीएसडीत सॅटा एएचसीआय आणि एनव्हीएमई दोन्ही एसडी शून्य म्हणून दिसतात, पण बायॉसमध्ये आयडीई मोड असलेल्या जुन्या डब्यात ती डब्ल्यूडी शून्य होते. आणि मशीनला कोणाचा पेन ड्राइव्ह लागलेला राहिला की त्यालाही एसडीचाच नंबर मिळतो. काढून ठेवा.

साइट सेट आणि व्हर्जन

वेगळं नेटवर्क म्हणजे इंटरनेट नाही, म्हणजे सेट लोकल सर्व्हरवर ठेवायला लागतात. ओपनबीएसडी दर सहा महिन्यांनी नवीन येतं, तेव्हा बीएसडी डॉट आरडी आणि सेट दोन्ही एकदम बदला. एक जुना एक नवा ठेवलात तर सही तपासतानाच गाडी अडते, कारण प्रत्येक रिलीजची की वेगळी असते. एसएचए२५६ डॉट सिग ही सहीची फाइलही सोबत कॉपी करा.

स्वतःच्या सेटिंग टाकायला साइट सेट बनवता, त्याच्या नावात व्हर्जनचा आकडा असतो, तो बदलायचा राहतो. तसंच इंडेक्स डॉट टीएक्सटी परत बनवायची राहते, त्यात नाव नसलं तर फोल्डरमध्ये फाइल असूनही इन्स्टॉलरला दिसत नाही. आणि तुमच्या साइट सेटवर प्रोजेक्टची सही नसते, त्यामुळे तपासणी न करता पुढे जायचं का असा प्रश्न येतो, त्याचं डिफॉल्ट उत्तर नाही असं आहे. उत्तरांच्या फाइलमध्ये त्या प्रश्नाला ‘हो’ लिहून ठेवा, नाहीतर साइट सेट बसणारच नाही आणि बाकी सगळं मात्र व्यवस्थित झालेलं दिसेल.

मशीन जागेवर लावून खरं इंटरनेट मिळालं की एफडब्ल्यू-अपडेट (हार्डवेअरचं फर्मवेअर आणतं) आणि सिसपॅच (सिस्टीमचे पॅच लावतं) चालवायचं, इन्स्टॉलच्या वेळी नेट नव्हतं त्यामुळे ते दोन्ही राहिलेलं असतं.