स्टॅटिस्टिक्सचे कोर्स निवडण्याआधी: ॲडव्हायझरला भेटायची तयारी

सगळ्यात आधी ॲडव्हायझरची वेळ घ्या. कुठले कोर्स घ्यायचे हे अजून ठरलेलं नसलं तरी घ्या. तुमचं रजिस्ट्रेशन उघडायची तारीख बघा, तिथून दोन-तीन आठवडे मागे या आणि त्या सुमाराची अपॉइंटमेंट टाका. गेल्या वेळी माझं नेमकं हेच राहिलं होतं. रजिस्ट्रेशनच्या आठवड्यात अनेक विभागांत वेळ ठरवून भेटता येत नाही, रांगेत थांबून मिळतील ती दहा-पंधरा मिनिटं. तेवढ्यात एखाद्या फॉर्मवर सही होते, पुढच्या चार सेमिस्टरचा विचार होत नाही.

आपल्या विषयात हा उशीर जास्त नडतो. कॅल्क्युलसशिवाय प्रोबॅबिलिटी नाही, प्रोबॅबिलिटीशिवाय इन्फरन्स (नमुन्यावरून संपूर्ण समूहाबद्दल निष्कर्ष काढणं) नाही, आणि वरचे कोर्स कित्येक ठिकाणी वर्षातून एकदाच चालतात. एक हुकला की पुढचे सगळे वर्षभर लांबतात. म्हणून वेळ आधी घ्या, बाकीची तयारी नंतर करत बसा.

मार्कशीट आणि झालेल्या क्रेडिट्सचा हिशोब न्यायचा हे सांगायला नकोच. उरलेल्या कोर्सेसचा कच्चा आराखडा मात्र स्वतः करून न्या आणि प्रत्येकासमोर तो कुठल्या सेमिस्टरला चालतो ते लिहा. कोरा कागद घेऊन गेलात तर अर्धी भेट वेळापत्रक शोधण्यातच जाईल. दुसऱ्या कॉलेजात केलेला कोर्स इथे धरून हवा असेल तर त्याचा पूर्ण सिलॅबस न्या, प्रकरणांच्या यादीसकट. नुसत्या नावावरून काही कळत नाही: एका ‘प्रोबॅबिलिटी’त नाणी-फासे आणि नॉर्मल टेबल एवढंच असतं, दुसऱ्या ‘प्रोबॅबिलिटी’त जॉइंट डेन्सिटी, म्हणजे दोन चलांची (व्हेरिएबल्सची) संभाव्यता एकत्र सांगणारं फंक्शन, असते.

गणिताबद्दल खरं बोला. जॉइंट डेन्सिटी त्रिकोणी भागावर दिलेली असते, तेव्हा डबल इंटिग्रलच्या सीमा तुम्हालाच मांडायच्या असतात. बाहेरच्या इंटिग्रलच्या सीमेत चल राहून गेला तर उत्तर आकडा येतच नाही. तिथे अडखळत असाल तर आधी मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस पक्कं करू का, हे स्पष्ट विचारा. रिग्रेशन मॅट्रिक्समधून शिकवणार असतील तर लिनियर अल्जेब्राचंही तेच. पीएचडी डोक्यात असेल तर रिअल ॲनालिसिसचा विषय तुम्हीच काढा, न विचारता कोणी सुचवेलच असं नाही.

कोणाकडे काय न्यायचं तेही बघून ठेवा. ऑफिसातले ॲडव्हायझर नियम आणि क्रेडिट्स सांगतात. बेझियन घेऊ की टाइम सिरीज, हे त्या विषयाच्या प्राध्यापकांना विचारायचं. म्हणजे दोन अपॉइंटमेंट लागतात आणि दोन्ही लवकर घ्याव्या लागतात! लांबच्या सुट्टीत प्राध्यापक भेटतील असं अजिबात धरू नका. पोर्टलवर जागा दिसत नसेल तर ईमेल करा, त्यात आपला आयडी, कोर्सचा क्रमांक आणि नेमका प्रश्न लिहा. ‘जरा मार्गदर्शन हवं होतं’ एवढ्यावर कोणी घाईने वेळ काढून देत नाही.

भेटीनंतर जे ठरलं ते त्याच दिवशी ईमेलने लिहून पाठवा. खात्यावर होल्ड, म्हणजे रजिस्ट्रेशन अडवणारी रोख, असेल तर उठवून घ्या. पूर्वअट माफ होणार असेल तर परवानगी लेखी हवी. पर्यायी दोन कोर्स काढून ठेवा, त्यांच्या वेळा एकमेकांवर येत नाहीत ना, तेवढं बघा.