जुना ट्यूब गिटार अ‍ॅम्प्लिफायर कसा दुरुस्त करावा आणि त्याला स्पीकर कसे जुळवावेत

जुना ट्यूब अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करताना वयोमानाने हमखास खराब होणारे भाग तेवढे बदलावेत आणि बाकीच्या भागांना मोजमाप केल्याशिवाय हात लावू नये, कारण त्याचा आवाज त्या जुन्या भागांतूनच घडलेला असतो.

वीजजोडणी काढल्यानंतरही फिल्टर कपॅसिटरमध्ये (वीजपुरवठा स्थिर ठेवण्यासाठी वीज साठवणाऱ्या भागांत) 400 व्होल्टहून अधिक विद्युतदाब शिल्लक असू शकतो आणि तो जीवघेणा ठरतो. म्हणून चासी (सर्व भाग बसवलेला धातूचा सांगाडा) उघडल्यावर 10 किलोओहम, 5 वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी प्रत्येक फिल्टर कपॅसिटरच्या दोन टोकांना काही सेकंद जोडावा आणि दाब शून्यावर आल्याची मल्टिमीटरने खात्री करावी. चालू यंत्रात मोजमाप घेण्याचा सराव नसेल, तर ते काम जाणकार तंत्रज्ञाकडेच सोपवावे.

प्रथम वीजपुरवठ्याची बाजू हाती घ्यावी. दोन पिनांची वायर असल्यास ती काढून तीन पिनांची बसवावी, अर्थिंगची तार चासीला पक्की जोडावी आणि मेन्स व चासी यांच्यामध्ये लावलेला जुना कपॅसिटर काढून टाकावा; तो शॉर्ट झाल्यास गिटारच्या तारांपर्यंत वीज पोहोचते. फिल्टरचे आणि ट्यूबच्या कॅथोडला (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकाला) जोडलेले इलेक्ट्रोलिटिक, म्हणजे आत द्रावण असलेले, कपॅसिटर आतून वाळतात, त्यामुळे ते दिसायला चांगले असले तरी बदलावेत. नव्या कपॅसिटरची व्होल्टेज क्षमता मूळ भागापेक्षा कमी नसावी.

कपलिंग कपॅसिटर, म्हणजे एका ट्यूबकडून पुढच्या ट्यूबकडे संकेत नेणारे पण डीसी दाब अडवणारे कपॅसिटर, मात्र सरसकट बदलू नयेत. पॉवर ट्यूब (स्पीकरला शक्ती पुरवणाऱ्या शेवटच्या ट्यूब) काढून ठेवाव्यात, कपॅसिटरचे त्यांच्या ग्रिडकडचे (संकेत घेणाऱ्या टोकाकडचे) टोक सोडवावे, अ‍ॅम्प्लिफायर सुरू करावा आणि त्या मोकळ्या टोकापासून चासीपर्यंतचा डीसी दाब मोजावा. सुरुवातीला काटा क्षणभर उसळून शून्याजवळ स्थिरावला, तर कपॅसिटर ठीक आहे. दोन-चार व्होल्ट तसेच टिकून राहिले, तर तो गळका आहे आणि पॉवर ट्यूब जाळू शकतो. अशा कपॅसिटरला वाचवण्याचा मोह धरू नये.

पहिल्यांदा वीज देताना 60 ते 100 वॅटचा फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये लावावा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर पुढे जावे, प्रखर पेटून राहिला तर शॉर्ट शोधावा. बायस म्हणजे संकेत नसताना पॉवर ट्यूबमधून किती प्रवाह वाहावा हे ठरवणारा ग्रिडवरचा दाब. त्यानंतर, फिक्स्ड बायस (हा दाब वेगळ्या पुरवठ्यातून मिळणारा) असलेल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बल्ब काढून पूर्ण दाबावर बायस लावावा. उदाहरणार्थ, ईएल34 या पॉवर ट्यूबच्या प्लेटची (प्रवाह गोळा करणाऱ्या टोकाची) मर्यादा 25 वॅट आहे. प्लेटवर 440 व्होल्ट असतील तर प्रत्येक ट्यूबमधल्या 37 मिलिअँपिअर प्रवाहाला सुमारे 16 वॅट, म्हणजे मर्यादेच्या 65 टक्के होतात, आणि हा सुरक्षित मुक्काम आहे.

स्पीकर न जोडता ट्यूब अ‍ॅम्प्लिफायर वाजवणे म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मर पणाला लावणे होय, कारण भार (स्पीकर) नसताना त्याच्या प्रायमरीत (ट्यूबकडच्या वेटोळ्यात) दाब इतका चढतो की इन्सुलेशन फुटते. भार योग्य ओहमचाच हवा. 8 ओहमचे दोन स्पीकर सिरीजमध्ये 16 आणि पॅरललमध्ये 4 ओहम होतात. फेंडर बासमनच्या 5एफ6-ए या मॉडेलमध्ये 8 ओहमचे चार स्पीकर पॅरललमध्ये असल्याने तेथे 2 ओहम मिळतात. मल्टिमीटरवर 8 ओहमचा स्पीकर साधारण 6 ते 7 दाखवतो, त्यामुळे त्या आकड्याने गोंधळून जाऊ नये. जोडणीसाठी गिटारची शिल्डेड केबल न वापरता जाड स्पीकर केबलच वापरावी.

एकापेक्षा अधिक स्पीकर असल्यास दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून पाहावा : धन टोक धन टर्मिनलला लावल्यावर सगळे कोन एकाच दिशेने सरकले पाहिजेत, अन्यथा खर्जाचा आवाज विरून जातो. संवेदनशीलता, म्हणजे तेवढ्याच शक्तीत स्पीकर किती मोठा आवाज देतो हेही पाहावे, कारण 97 डेसिबलऐवजी 100 डेसिबलचा स्पीकर लावणे हे आवाजाच्या दृष्टीने अ‍ॅम्प्लिफायरची शक्ती दुप्पट करण्यासारखे असते.

स्पीकरची एकूण वॅट क्षमता अ‍ॅम्प्लिफायरच्या नमूद शक्तीच्या किमान दीडपट ठेवावी, कारण पूर्ण आवाजात ट्यूब त्या आकड्यापलीकडे जातात. 30 वॅटच्या जुन्या व्हॉक्स एसी30 या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये 15 वॅटचे दोनच स्पीकर असत, तेथे ही मुभा मुळीच नव्हती. असे मूळ स्पीकर हाती आले, तर ते मध्यम आवाजापुरते वापरावेत आणि जोरात वाजवण्यासाठी त्याच ओहमचा, अधिक क्षमतेचा दुसरा संच लावावा.