आईबाबांचं ग्रीन कार्ड: फॉर्म सोपे आहेत, आईच्या नावाचे कागद आधी लावा

आईबाबांचं ग्रीन कार्ड करायचं म्हटलं की लोक फॉर्मलाच घाबरतात. मी आधी माझ्या आईबाबांचं केलं, मग बायकोने तिच्या आईबाबांचं केलं तेव्हा कागद मीच जमवले, आणि त्यानंतर न्यू जर्सीतल्या ओळखीच्या सात-आठ घरांत जाऊन फाइली लावून दिल्या. एकाही घरात फॉर्ममुळे काम अडलं नाही, अडलं ते आईच्या नावावर आणि जन्मदाखल्यावर. म्हणून बाकीचं भरभर सांगतो.

सुरू करायच्या आधी एवढं बघा: तुम्ही अमेरिकन सिटिझन पाहिजे आणि वय 21 पूर्ण पाहिजे. तुम्ही स्वतःच ग्रीन कार्डवर असाल तर आईबाबांसाठी अर्ज करता येत नाही. सिटिझनच्या आईवडिलांच्या आयआर-5 व्हिसाला वर्षाचा कोटा नसतो, त्यामुळे भावाबहिणींच्या एफ-4 सारखी पंधरा वर्षांच्या वरची रांग इथे नाही. आणि कोणी म्हणेल, व्हिजिटर व्हिसावर आणा आणि इथेच फाइल करून टाका, तर अजिबात ऐकू नका. घरून निघताना राहायचंच ठरवलंय आणि विमानतळावर मात्र फिरायला आलो म्हणून सांगायचं, हे अधिकाऱ्याशी खोटं बोलणं झालं, आणि ते अंगाशी आलं तर सत्तरीतल्या माणसांना त्याची किंमत मोजावी लागते.

पहिली पायरी, आय-130, म्हणजे हे माझे आईबाबा आहेत असं सांगणारा नात्याचा अर्ज. आई आणि बाबा दोघांचा वेगवेगळा भरायचा, फीसुद्धा दोनदा, ऑनलाइन 625 डॉलर प्रत्येकी. आईसाठी तुमचा जन्मदाखला, ज्यावर तिचं नाव आहे. बाबांसाठी तोच दाखला आणि आईबाबांचं विवाह प्रमाणपत्र. जुनी लग्नं बऱ्याचदा नोंदवलेलीच नसतात, तर आता महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नोंदवून घ्या, साक्षीदार जिवंत आहेत तोवर.

दुसरी पायरी, मंजुरी आली की केस नॅशनल व्हिसा सेंटरकडे म्हणजे एनव्हीसीकडे जाते. प्रत्येकी 325 डॉलर व्हिसाची फी, 120 डॉलर आय-864 ची. आय-864 म्हणजे तुम्ही त्यांना पोसाल याची हमी, उत्पन्न तुमच्या कुटुंबाच्या आकारासाठी ठरलेल्या गरिबी रेषेच्या 125 टक्के तरी पाहिजे, आणि माणसं मोजताना आईबाबांनाही धरा. कमी पडलं तर जॉइंट स्पॉन्सर, म्हणजे तुमच्यासोबत हमी देणारा दुसरा माणूस, चालतो. डीएस-260 म्हणजे व्हिसाचा अर्ज ऑनलाइन, एक संध्याकाळ पुरते.

आता कागद. इथेच माझे पाच महिने गेले.

माझ्या आईचं माहेरचं नाव मालती. 1974 साली लग्नात बाबांनी तांदळाच्या ताटात अंगठीने सुनंदा लिहिलं आणि त्या दिवसापासून ती सुनंदा झाली. पासपोर्टवर सुनंदा, माझ्या दाखल्यावर सुनंदा, पण शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मालती, मधलं नाव वडिलांचं, आडनाव माहेरचं, म्हणजे तिन्ही नावं वेगळी. आपल्याकडे यात कोणाला काही वाटत नाही, पण तिथे कागद तपासणाऱ्याला या दोन वेगळ्या बायका दिसतात, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

त्यात जन्मदाखला नाही. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा 1969 चा, आईचा जन्म त्याच्या कितीतरी आधीचा. तालुक्याला जाऊन कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, बघितलं तर मोडीतली एक ओळ सापडली, आजोबांचं नाव आणि पुढे नुसतं "मुलगी". बारसं व्हायच्या आधीच नोंद झालेली, तर नाव कुठून येणार. त्यावर एक एजंट म्हणाला की नवीन दाखला काढून देतो, पैसे द्या. असं काही करू नका. साठ-सत्तर वर्षांनी काढलेल्या दाखल्यावर शंका घेतातच, आणि खोटा निघाला तर सगळी केस गेली.

सरळ रस्ता आहे. जिथे जन्म झाला तिथल्या ग्रामपंचायतीकडून किंवा नगरपालिकेकडून जन्मनोंद उपलब्ध नसल्याचा दाखला घ्यायचा, आईच्या जन्माच्या वेळच्या पूर्ण नावाने. सोबत शाळा सोडल्याचा दाखला. आणि नातेवाइकाचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र, ज्यात जन्मतारीख, जन्मगाव, आईवडिलांची नावं आणि हे सगळं आपल्याला कसं माहीत ते लिहिलेलं पाहिजे. मी ते मावशीकडून घेतलं, तिला सगळं तोंडपाठ होतं म्हणून. कागद परत आला, कारण मावशी आईपेक्षा चार वर्षांनी लहान. जिच्या जन्माबद्दल सांगायचंय तिच्यापेक्षा सांगणारा मोठा असायला हवा, आणि आईचे आईवडील हयात असतील तर त्यांचंच घ्यायचं. शेवटी 84 वर्षांच्या मामांना रिक्षात घालून नोटरीकडे नेलं. तुमच्या घरातलं असं मोठं माणूस आजच शोधून ठेवा आणि सही लगेच घ्या, मंजुरीची वाट बघू नका.

नाव जुळवायला माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त उपयोग झाला लग्नपत्रिकेचा. हळदीचं बोट लागलेली, घडीवर फाटलेली पत्रिका, त्यात चि. सौ. कां. मालती, तिच्या वडिलांचं नाव, आणि शेजारी बाबांचं नाव. ती आणि मालती व सुनंदा एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र एकत्र लावलं. नाव बदलल्याचं राजपत्र काढा असं सगळे सांगतात, पण त्यात नाव यंदा बदललं असं दिसतं आणि पासपोर्ट त्याच नावाने वीस वर्षं जुना, मग आणखी प्रश्न. माझं मत, आधीच केलं नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. माहेरचं नाव मात्र आय-130 आणि डीएस-260 दोन्हीत, आधी वापरलेल्या नावांच्या रकान्यात न चुकता भरा. मराठी कागदाला इंग्रजी भाषांतर जोडा, त्याखाली भाषांतर अचूक आहे आणि आपल्याला दोन्ही भाषा येतात असं भाषांतरकाराने लिहून सही केलेली पाहिजे.

पुढचं सोपं. पासपोर्ट सेवामधून पोलीस क्लिअरन्स. मुलाखतीची तारीख आली की ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडेच मेडिकल, मग मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये मुलाखत, सगळे मूळ कागद घेऊन. तुम्ही हजर असायची गरज नाही. आईला एवढंच सांगून ठेवा की जुनं नाव विचारलं तर बिचकायचं नाही. व्हिसा मिळाल्यावर निघायच्या आधी 235 डॉलरची फी ऑनलाइन भरा, ती राहिली तर कार्ड छापत नाहीत.

आणि हे आईबाबांशी अर्ज करायच्या आधीच बोला: सहा महिन्यांतून एकदा तोंड दाखवलं की ग्रीन कार्ड टिकतं, हे खरं नाही. ते राहण्यासाठीचं कार्ड आहे, दिवाळी-गणपती-आंबे सगळं गावाला आणि अमेरिकेत फक्त दोन महिने असं चाललं तर विमानतळावर कधीतरी अडवतात. वर्षापेक्षा जास्त बाहेर राहायचं असेल तर री-एंट्री परमिट लागतं, साधारण दोन वर्षांचं मिळतं, पण त्याचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो, पुण्याहून नाही. मेडिकेअर म्हणजे म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्य विमाही लगेच नाही, 65 पूर्ण आणि सलग पाच वर्षं इथे राहिल्यावरच विकत घेता येतं, तोवर खाजगी विम्याचा खर्च तुमचा.

कार्ड पोस्टाने आलं की पाकीट फोडून आधी स्पेलिंग आणि जन्मतारीख पासपोर्टशी ताडून बघा. छापताना त्यांची चूक झाली असेल तर आय-90 हा कार्ड बदलायचा फॉर्म भरून बदलून मिळतं, त्याला फी नाही.