खिशात नोटा न ठेवता महिना काढायचाय? मग आधी एवढं करून ठेवा

पुण्या-मुंबईत राहत असाल तर कॅशशिवाय महिना आरामात निघतो, पण शंभर टक्के कॅशलेस व्हायच्या नादी लागू नका. नोटाबंदीनंतर, डिसेंबर २०१६ मध्ये, मुरबाड तालुक्यातलं धसई हे राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं, दुकानांत स्वाइप मशिनी बसल्या, आणि पुढे लोकं आपली परत नोटांवर आली. तेव्हा यूपीआय नुकतंच आलेलं, आता कोथिंबीरवालीकडे पण क्यूआर असतो त्यामुळे परिस्थिती वेगळी आहे हे खरं, पण गावाकडे अजून सगळं गृहीत धरू नका.

सुरुवात खात्यापासून. पगाराचं खातं यूपीआयला जोडूच नका. दुसऱ्या बँकेत एक साधं बचत खातं काढा, त्यात महिन्याच्या वरखर्चापुरते पैसे टाका आणि तेच जोडा, उद्या कोणी गंडवलंच तर जाऊन जाऊन तेवढेच जातील. शिवाय अजून एका बँकेचं खातं दुसऱ्या ॲपवर चालू ठेवा, कारण पगाराच्या तारखांना बँकेचं सर्व्हर झोपतं आणि आपण काउंटरवर फोन हलवत उभे, मागे रांग.

मग यूपीआय लाईट (ॲपमधलंच छोटं पाकीट) चालू करा. त्यात ५००० पर्यंत ठेवता येतात, एका वेळी १००० पर्यंतचं पेमेंट पिनशिवाय होतं. चहा, वडापाव, रिक्षा सगळं यातून केलं की पासबुकात दहा-दहा रुपयांच्या ओळींची रांग लागत नाही, आणि पैसे आधीच बाजूला काढलेले असल्यामुळे बँकेचं सर्व्हर बसलं तरी बहुतेक वेळा पेमेंट जातं. फक्त फोन बदलायच्या आधी लाईटमधले पैसे खात्यात परत घ्या. आणि हो, नवीन फोनवर यूपीआय सुरू केलं की पहिले २४ तास ५००० चीच मर्यादा असते, तर लग्नाच्या खरेदीच्या दिवशीच नवा फोन घ्यायची हौस नको.

मंडईत एक गोष्ट लक्षात ठेवा. मावशींचा क्यूआर तराजूच्या मागे लटकलेला असतो पण खातं असतं मुलाचं आणि फोन पण त्याच्याकडेच, त्यामुळे तुम्ही स्क्रीन कितीही दाखवा, पेमेंट आलं की बोलणारा तो डबा "रुपये प्राप्त झाले" म्हणेपर्यंत पिशवी हातात मिळत नाही, आणि बरोबरच आहे त्यांचं, खोटे स्क्रीनशॉट दाखवणारे पण फिरतात ना. स्कॅन केल्यावर आलेलं नाव एकदा मोठ्याने वाचा, "ताई, अमुक नावच ना?", मगच पिन टाका.

प्रवासाचं बोलायचं तर मेट्रोला एनसीएमसी कार्ड (गेटवर टेकवायचं प्रवासाचं कार्ड) घ्या, स्कॅनच्या भानगडीपेक्षा बरं पडतं. टोलला फास्टॅग आहेच, २०२१ पासून सक्तीचाच आहे, फक्त निघायच्या आधी बॅलन्स बघा. एसटीत कंडक्टरच्या मशीनवर क्यूआर येतो आणि सुट्ट्यांची कटकट संपते (तिकिटामागे उरलेले पैसे लिहून द्यायचे आणि आपण उतरताना विसरायचो, आठवतंय?) पण घाटात गाडी शिरली, रेंज गेली की संपलं, मग कंडक्टर पण काय करणार बिचारा. म्हणून स्टँडवर गाडी उभी असतानाच तिकीट काढून घ्या. नेट नसेल पण फोनला सिग्नल असेल तर *९९# डायल करून ५००० पर्यंत पाठवता येतात. समोरच्याचा बँकेला जोडलेला मोबाईल नंबर आणि तुमचा यूपीआय पिन लागतो. घरी बसून एकदा करून बघा, ऐन वेळी तो मेनू वाचत बसायला जमत नाही.

आता कॅश कुठे लागतेच ते. घरकामाच्या मावशींना पगार नोटांत हवा असेल तर वाद घालू नका, पुष्कळ बायकांचं एटीएम कार्ड नवऱ्याच्या खिशात असतं, खात्यात पडलेला पैसा त्यांना दिसत पण नाही. ओवाळणीच्या ताटात फोन ठेवणार का? आहेराच्या पाकिटाला वरचा एक रुपया लागतोच. म्हणून पाकिटात ५००-७०० रुपये ठेवा, पण पाचशेची एक नोट नको, दहा-वीस-पन्नासच्या ठेवा, पाचशेला सुट्टे कोणाकडेच नसतात. सोबत एक डेबिट कार्ड, कारण फोन मेला की वरचं सगळं त्याच्याबरोबर मेलं. पॉवर बँक सांगायला नको.

एवढं करून पेमेंट अडकलंच, म्हणजे खात्यातून गेले आणि दुकानदाराला पोचले नाहीत, तर घाबरून लगेच दुसऱ्यांदा मारू नका, आधी ॲपच्या हिस्टरीत स्टेटस बघा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे दुकानाचं पेमेंट असं लटकलं तर व्यवहारानंतर पाच दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत, त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई बँकेने द्यायची असते. व्यवहार नंबर टाकून ॲपमधूनच तक्रार करा. गूगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधायला जाऊ नका, तिथे भामटेच बसलेले असतात, "रिफंडसाठी पिन टाका" म्हणतात, आणि पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. गेलेच पैसे तर त्याच मिनिटाला सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाईनला फोन लावा.